सोबतीला कुत्रा आणि जंगलाची वाट

दिवाळी आटोपली आणि कापसाचा पहिला वेचा घरात आला, की आपल्या घाटंजी भागात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. पुण्या-नागपुराकडे नोकरीस असलेली मुले, सुना, नातवंडे चार दिवस गावी येतात. अलीकडे त्यांच्याबरोबर आणखी एक पाहुणा असतो. मोटारीच्या मागच्या सीटवर बसून, खिडकीतून तोंड बाहेर काढून तो येतो. दोन दिवस अंगणात काढले की नातवंडांचा आजोबांच्या मागे धोशा सुरू होतो, "जंगल दाखवा." आणि जंगल म्हटले की कुत्राही निघालाच.

शिरोलीकडील एका भगिनीने मला पंचायत समितीच्या आवारात गाठून हेच विचारले, "साहेब, पोरायसंग कुत्रं जंगलात नेलं त चालते का? सून म्हणते नेऊ, सासरे म्हणतात नोका नेऊ." घरातल्या या वादाचा निवाडा मी तेथे उभ्या उभ्या केला नाही. गोष्ट एका घरची नाही, म्हणून या सदरात तिचे उत्तर लिहितो. पिके, खते, बियाणे यांतून आज जरा आडवाटेने जाऊ. तसा कुत्रा हाही शेतकऱ्याच्या घरचा बिनपगारी जागल्याच आहे. दोन वेळच्या शिळ्या भाकरीवर तो रात्रभर खळे राखतो. खंडोबाच्या पायाशी तो आहे, पैनगंगेपलीकडे माहूरच्या शिखरावर दत्तप्रभूंच्या भोवती तर चार आहेत. त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचेच आहे.

प्रथम जंगल म्हणजे कोणते, ते स्पष्ट केले पाहिजे. घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर हे अभयारण्य आहे. टिपाई देवीवरून त्याला हे नाव पडले. १९९७ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. तेथे पायी भटकायला कोणालाही परवानगी नाही. सुन्ना, माथणी या फाटकांतून वाहनाने, वाटाड्या बरोबर घेऊन आत जायचे आणि वाहनातच बसून राहायचे. कुत्र्याला तर मुळीच प्रवेश नाही. सुनेने कितीही सांगितले की आमचा कुत्रा शिकवलेला आहे, तरी नाही. त्याला त्या दिवशी घरीच सावलीत, पाणी ठेवून, बांधून जावे. मोटारीत काचा लावून फाटकाबाहेर ठेवून जाऊ नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कुत्रा थोड्याच वेळात दगावू शकतो.

मग फिरायचे कोठे? तर गावची पांदण, तलावाचा बांध, वाघाडी नदीचा काठ, गावालगतची बरड आणि जेथे गावाची नेहमीची जाये आहे असा सागवनाचा कडेचा भाग. त्यासाठीही आधी बीटच्या वनरक्षकाला विचारून घ्यावे. आदल्या रात्री कोठे ओरड झाली, कोणत्या नाल्यात पगमार्क दिसले, हे त्याला ठाऊक असते. विचारण्यात कमीपणा काही नाही.

काही जण म्हणतात, वाघ अभयारण्यात, आम्ही पांदणीवर. आमचा काय संबंध? त्यांच्यासाठी टिपेश्वरच्याच एका वाघाची हकिगत सांगतो. टी-१ सी-१ असे त्याचे कागदावरचे नाव. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला गेला. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर तो टिपेश्वरमधून निघाला. तेलंगणातील आदिलाबादकडे गेला, परत फिरला, मराठवाड्यातून गेला आणि डिसेंबरात थेट बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर. पुढची भटकंती धरली तर एकूण चाल ३००० किलोमीटरांच्या वर गेली. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले. आता हा वाघ चालला कोठून? वाटेत सलग जंगल होते कोठे? तो चालला पऱ्हाटी, तूर, सोयाबीन यांच्या शेतांतून, नाल्यांच्या काठाने आणि बहुतेक रात्री. म्हणजे ज्या पांदणीवर आपण सकाळी सातला कुत्रा घेऊन निघतो, तीच पांदण पहाटे तीनला दुसऱ्या कोणाची असू शकते. सीमेचा दगड वाचून वाघ परत फिरत नाही.

कुत्रा बरोबर असला म्हणजे वाघाची भीती नाही, असेही पुष्कळांना वाटते. २०१८ साल आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. राळेगाव–पांढरकवडा पट्ट्यात १३ माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरल्या गेलेल्या टी-१ वाघिणीचा शोध चालू होता. बायका वेचणीला जायला धजत नव्हत्या, माणसे जागलीला एकटी जात नव्हती. त्या शोधासाठी काय काय आणले नाही! हत्ती आले, कॅमेरे आले आणि गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे 'केन कोर्सो' नावाच्या इटालियन जातीचे दोन दांडगे कुत्रेही आले. कुत्र्यांना वाघीण सापडली नाही. ते आले तसे परत गेले. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात ती वाघीण गोळीने मारली गेली. ती मारायला हवी होती की नव्हती, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. मी त्यात शिरत नाही. सांगायचे इतकेच, की परदेशी पैदाशीच्या, शिकवलेल्या कुत्र्यांची जी कथा, तीच सोफ्यावर झोपणाऱ्या लॅब्राडोरची होणार.

आपल्याकडचे ढोरकी याविषयी फार नेमके बोलतात. पारव्याकडच्या एका वयस्क ढोरक्याने मला सांगितले होते, "साहेब, कुत्रं भुकते तवा भिऊ नोका. डुक्कर राहाते, वानर राहाते. कुत्रं भुकता भुकता चूप झालं अन् पायात शिरलं, की मंग ढोरं वळवा." मला हे बोलणे पुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा मोलाचे वाटते. कुत्रा शेपूट पायांत घालून चालायचा थांबला, तर त्याला ओढत पुढे नेऊ नये. मुलांना मध्ये घ्यावे, मोठ्याने बोलत, पाठ न दाखवता, आल्या वाटेने परतावे.

बिबट्याचे तर उलटेच आहे. त्याला कुत्रा हे आयते भक्ष्य. नगर जिल्ह्यातील अकोले भागात संशोधकांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी होता. म्हणून दिवस मावळल्यावर कुत्रा घेऊन रानात राहू नये.

आणि अस्वल! बोरी पिकल्या, मोह गळू लागला, की अस्वल झाडाखाली येते. मोकळा कुत्रा त्याच्यावर धावून जातो, भुंकतो, अस्वल उलटले की जीव घेऊन पळतो. पळतो कोणाकडे? मालकाकडे! मागोमाग अस्वल. कुत्रा पायांखालून निसटतो आणि सापडतो तो माणूस.

म्हणूनच पट्टा आणि दोरी. बैलाचे जुने दावे असले तरी चालेल, पण दोन हातांपेक्षा लांब नको आणि दोरी लहान मुलाच्या हाती नको. गावठी कुत्र्याला दोरीची सवय नसते, तो पहिले दोन दिवस जमिनीवर लोळण घेतो. अंगणातच सवय करावी, तिसऱ्या दिवशी तो शहाण्यासारखा चालतो.

आता वाटांविषयी. जंगलातल्या फिरण्यात हाच भाग मला सर्वांत प्रिय आहे. माझ्या नोकरीचा बराच काळ या तालुक्यात पायी फिरण्यात गेला. एका पोडावरून दुसऱ्या पोडावर जायचे तर तेव्हा पायवाटच असे. आपल्याकडे वाट चुकलेला माणूस म्हणतो, "चकवा लागला." त्याच टेकडीला दोनदा वळसा घालून तो पुन्हा त्याच सालईखाली येतो आणि भुताने फिरवले म्हणतो. बहुतेक वेळा हा चकवा गुरांच्या वाटेचा असतो. ढोरांची वाट माणसाच्या वाटेपेक्षा ठळक दिसते, म्हणून नवखा माणूस तीच धरतो. पण ढोरे गावाला जायला चालत नाहीत, चरायला चालतात. त्यांची वाट फुटते, पुन्हा मिळते, आणि शेवटी एखाद्या पाणवठ्यावर नाही तर गवताच्या पडीवर नेऊन सोडते. माणसाची वाट अरुंद असते, पण तिला दिशा असते. ती नाल्यात उतरते तेथे दोन्ही काठांवर पाय देऊन झिजलेले दगड असतात.

तेंदूपानाच्या हंगामात, म्हणजे मे महिन्यात, जंगलात शेकडो वाटा पडतात. पावसाळ्यात त्यांवर गवत चढते. दिवाळीत त्याच वाटा सुरुवातीस स्पष्ट, मध्ये पुसट आणि पुढे नाहीशा अशा भेटतात. वाट नाहीशी झाली की 'थोडे पुढे गेल्यावर सापडेल' असे मन सांगते. मनाचे ऐकू नये. शेवटच्या स्पष्ट खुणेपर्यंत मागे यावे. वनखात्याची जाळरेषा भेटली तर बरे. ती रुंद आणि सरळ असते आणि कक्षाच्या खुणेचा दगड सापडला तर त्याचा क्रमांक वनरक्षकाला मोबाईलवर सांगता येतो. अर्थात मोबाईलला रेंज असेल तर. नाल्यानाल्याने खाली गेले की गाव लागते, असे जुने लोक सांगत. दिवसा ते पुष्कळसे खरे आहे, कारण इकडचे नाले वाघाडीला नाही तर पैनगंगेला मिळतात आणि पाण्याकाठी वस्ती असतेच. पण ऊन कलल्यावर नाल्यात उतरू नये. तेव्हा तेथे पाण्यावर येणाऱ्यांची वेळ असते.

कुत्रा घरचा रस्ता दाखवतो, हे खरे की नाही? बरेचसे खरे. तो आपल्याच वासाचा माग काढत परततो. आमच्या घरचा वाघ्या या कामी पक्का आहे. मात्र वाटेत पावसाची सर पडून गेली किंवा शेळ्यांचा कळप गेला, की तो माग पुसट होतो आणि वाघ्याही आमच्या तोंडाकडे पाहू लागतो. शहरातल्या कुत्र्याला तर मोटारीचा वास तेवढा ठाऊक. त्याच्यावर विसंबू नये.

खरी आडवाट कुत्रा सुटला म्हणजे सुरू होते. समोरून ससा उठला, हिसका बसला, दोरी हातून निसटली. कुत्रा सशामागे, मुले कुत्र्यामागे, मोठी माणसे मुलांमागे. अशा वेळी मुलांना जागच्या जागी उभे करावे आणि एकाच ठिकाणी थांबून कुत्र्याला हाका माराव्यात. तो दमला की बहुधा तेथेच परत येतो. आणि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. पकडणे, पाठलाग करणे, हाकलणे, फासात धरणे हेही शिकारच. मुद्दाम कुत्रा सशावर किंवा घोरपडीवर सोडणे हा गुन्हा आहे. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच पंक्तीला आहे. 'गंमत म्हणून सोडला' ही सबब चालत नाही.

पाठलागात आणखी मोठा धोका असतो, तो आपणच मांडलेला असतो. रानडुकरे आणि रोही पीक खातात, हे दुःख मी रोज ऐकतो. एका रात्रीत तुरीचे शेत आडवे झालेले मी पाहिले आहे. तरीही कुंपणाच्या तारेत घरच्या लाइनची वीज सोडणे हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. त्या तारेला डुक्कर कळत नाही आणि माणूसही कळत नाही. कुत्र्यामागे अंधारात पळणारे पोर त्या तारेवर गेले तर काय, याचा विचार तार जोडणाऱ्याने करावा. तसेच तारेचे फास आणि डुकरासाठी पिठात घालून ठेवलेले बारुदी गोळे. ते कुत्रा तोंडात घेतो आणि जबडा फुटतो. म्हणून पडलेले काहीही हुंगू-खाऊ देऊ नये, आणि तिन्हीसांजेनंतर कोणाच्या शेतातून आडवे जाऊ नये.

फवारणीचेही तेच. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माणसाची ही गत, तर कुत्र्याचे काय? ताज्या फवारलेल्या पऱ्हाटीतून तो धावतो, अंग भिजवून येतो आणि मग पाय चाटत बसतो. तोंडाला फेस, अंगाला थरथर दिसली तर साबण-पाण्याने अंग धुऊन तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. धुताना आपल्या हातांत मोजे असावेत. फवारणीच्या ड्रमातले उरलेले पाणी उघडे ठेवू नये, हे तर मी सांगून थकलो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आतापर्यंत कुत्र्याला जंगलापासून काय धोका ते पाहिले. जंगलालाही कुत्र्यापासून धोका आहे. 'कॅनाइन डिस्टेंपर' नावाचा कुत्र्यांचा एक रोग आहे. डोळ्या-नाकातून पाणी गळते, खोकला, हगवण लागते, पुढे झटके येतात आणि बहुतेक पिले मरतात. "पिलावर रोग पडला" म्हणून आपण सोडून देतो. पण हाच विषाणू लाळेतून, शिंकेतून जंगली मांसाहारी प्राण्यांत जातो. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. आपल्या देशात गीरच्या जंगलात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह मेले. त्यांतील काहींच्या शरीरात हा विषाणू आढळला. ज्यांना जगात कोणी शत्रू नाही ते सिंह डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगाने गेले. टिपेश्वर तर लहान जंगल. भोवती गावे, गावागावांत कुत्री, आणि ती कुत्री रोज त्याच पाणवठ्यांवर जातात.

वन्यजीव कायद्यात कलम आहे की अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाला साथीच्या रोगांच्या लशी टोचण्याची व्यवस्था करावी. पशुधन म्हणजे काय, याचीही यादी कायद्यात दिलेली आहे. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, गाढव, डुक्कर, कोंबडीपर्यंत नावे आहेत. कुत्र्याचे नाव नाही! माझ्या मते ही उणीव आहे. गावात लसीकरणाचा चमू येतो तेव्हा गुरांच्या लाळ्या-खुरकुताची नोंद होते आणि कुत्रा खाटेखाली झोपून राहतो. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून त्याच दिवशी कुत्र्यांचेही काम होऊ शकते. महिला बचत गटांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

घरच्या पिलाला सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्र लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे तिचे डोस द्यावेत. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि मग ती दर वर्षी. पाहुण्या कुत्र्याचे लसीचे पुस्तक असते, ते मुलाकडून मागून पाहावे. संकोच कसला? त्याचा आपल्या मोत्याशी सहवास होणार आहे.

रेबीजविषयी तर हयगय नकोच. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. वाटेत अनोळखी कुत्रा किंवा कोल्हा चावला, ओरखडला, की पहिले काम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे. घड्याळ लावून पंधरा. जखमेवर मिरची, चुना, हळद, तेल काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठून लस सुरू करावी आणि सांगितलेल्या सर्व तारखांना जावे. दोन सुया झाल्या, बरे वाटते, म्हणून पुढच्या सोडणारे पुष्कळ आहेत. जखम खोल असेल तर लशीशिवाय जखमेत वेगळे इंजेक्शन द्यावे लागते, त्याची विचारणा डॉक्टरांकडे करावी.

फिरून आल्यावर कुत्र्याला लगेच घरात घेऊ नये, आधी ओट्यावर बसवावे. या दिवसांत बरडीवर कुसळी गवत वाळलेले असते. त्याचे कुसळ कुत्र्याच्या केसांतून कातडीत, बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरते. ते पुढेच सरकते, मागे येत नाही. कुत्रा सारखे डोके झटकत असेल, एक कान खाली धरत असेल, तर कुसळ आत गेले असे समजावे. काडी घालून कोरू नये, डॉक्टरांकडून काढवावे. पायांत सराटे पाहावेत. कानाच्या पाळीखाली, मानेवर, काखेत गोचीड शोधावे, चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढावे आणि नखाने चिरडू नये. गोचिडासाठी कपाशीचे औषध अंगाला चोळणारे महाभाग मला भेटले आहेत. तसे केल्यास गोचिडाबरोबर कुत्राही जाईल.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. दाट केसांच्या शहरी कुत्र्याला आपले दिवाळीतले ऊनही सोसत नाही. सकाळी लवकर निघून नऊ-साडेनऊला घरी यावे, त्याच्यासाठी वेगळी बाटली व वाटी न्यावी. जीभ लालभडक होऊन तो झोकांड्या देऊ लागला तर सावलीत निजवून पोटावर, जांघेत ओले फडके ठेवावे आणि घोटघोट पाणी द्यावे.

तेव्हा शिरोलीच्या भगिनींना उत्तर असे, की सासऱ्यांचे टिपेश्वरपुरते खरे आणि सुनेचे पांदणीपुरते. कुत्र्याला नदीकाठी न्यावे, पण दोरी सासऱ्यांच्या हाती असू द्यावी.

या पंधरवड्यात हरभऱ्यावर घाटेअळीविषयी तीन पत्रे आली आहेत. पुढील अंकी त्याबद्दल लिहीन. तोवर शेतात पक्ष्यांना बसायला 'टी' आकाराचे मचाण रोवून ठेवावे.